परतीचं पान

१

सहलीचा आराखडा मी भूतकाळात लिहितो.

निघणार, पोहोचणार, बघणार असं लिहिलं की परत आल्यावर तेच सगळं निघालो, पोहोचलो, बघितलं असं नव्याने उतरवावं लागतं. एकाच प्रवासाला दोनदा शाई. त्यापेक्षा आधीच ‘सहा चाळीसला निघालो’ असं लिहून ठेवावं आणि आल्यावर पाच-दहा मिनिटांचा फरक पडला असेल तेवढा दुरुस्त करावा. ही पद्धत माझी मीच बसवली. रोजनिशी कशी लिहावी हेही मला कोणी शिकवलेलं नाही. मी छापखान्यात प्रुफं तपासतो, तेवीस वर्षं, त्यातली बरीचशी बसच्या वेळापत्रकांची. वेळेचं वळण हाताला तिथे लागलं.

माझी मोठी बहीण, ताई, तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाली. तिला ही पद्धत मान्य नाही.

“अरे, न घडलेल्या गोष्टीला भूतकाळ लावायचा नसतो.”

“लावला तर काय होतं?”

“मार्क कापतात,” ताई म्हणाली.

सात वर्षांपूर्वी छापखान्यात एक पुस्तिका आली होती, पानगळीच्या दिवसांत गाडीने फिरायच्या रस्त्यांची. आधी तळ्याकाठचा रस्ता, मग घाट, आणि शेवटी दोन्ही बाजूंना तांबडी-पिवळी झाडं असलेला एक लांबलचक उतार. तो उतार दरीतल्या एका जुन्या विश्रामगृहापाशी संपतो. तिथे त्या पंधरवड्यात आसपासचे मेंढपाळ, नावाडी, लाकूडतोडे जमतात आणि आपापली पिढीजात गाणी म्हणतात. पुस्तिकेतल्या बावीस चुका मी दुरुस्त केल्या आणि त्या रस्त्यांच्या प्रेमात पडलो. त्या वर्षी सहलीची पहिली वही केली. मग दर वर्षी एक. निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या झाल्या.

गेलो एकदाही नाही.

कारणं होती. एकदा छापखान्यात घाईचं काम, एकदा माझी पाठ, एकदा ताईचे गुडघे, एकदा टायर, दोनदा आभाळ. सातव्या वर्षी कारण सापडलं नाही, तेव्हा मी नुसताच गेलो नाही. खरं सांगायचं तर वही पुरी झाली की मला जाऊन आल्यासारखं वाटायचं. दोन दिवस पायही दुखायचे.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते. यंदा पानं पिवळी पडायला लागली तशी ती म्हणाली, “तुम्हाला जवळचं छान दिसतं हो. लांबचं दिसतच नाही. यंदा निघालो तर निघालो. नाही निघालो तर मी पुन्हा विचारणार नाही.”

ती चिडली असती तर मी निर्धास्त राहिलो असतो. पण ती टॉवेलची घडी घालता घालता, शांतपणे म्हणाली. तिने विचारणं बंद केलं की काय होतं ते मला माहीत आहे. लग्नानंतरची काही वर्षं ती संध्याकाळी “गाऊ का?” असं विचारायची, आणि मी म्हणायचो, “एवढं पान होऊ दे.” ते पान कधी झालं मला आठवत नाही. विचारणं मात्र थांबलं.

२

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो. चौथा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो मोटारींना रंग देण्याचं काम करतो. घरात त्याला गवई म्हणतात, कारण तो गातो आणि कोणी थांबवू शकत नाही. सहलीची गाडी त्याची.

“भाऊजी, यंदा सामान बॅगेत भरायचं का दरवर्षीसारखं मनात?” गवईने विचारलं.

मी आठवी वही उघडली. कोरी करकरीत होती. पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात बायकोने पेन काढून घेतलं.

“आधी फोन, मग वही. आमच्यासमोर खोल्या ठरवा.”

सात वर्षांत मी विश्रामगृहाला एकदाही फोन केला नव्हता. वेळ तिथवर आलीच नव्हती. पुस्तिकेतला नंबर लावला. बऱ्याच वेळाने एका बाईंनी उचलला.

“हॅलो, विश्रामगृह ना? मला जरा चौघांसाठी—”

“बोला भाऊ. वर गरम पाणी संपलं का?”

“नाही, मी घरून बोलतोय.”

“घरून?” बाई थांबल्या. “बरं. बोला.”

मी नाव सांगायला लागलो.

“नाव काय सांगताय, आवाज ओळखते की मी! काय हवंय ते सांगा.”

“चौघांना जागा हवी होती, येत्या शनिवारपासून. मी, बायको, मोठी बहीण आणि मेहुणा.”

“आणखी चौघं?”

“आणखी नाही. चौघंच.”

पलीकडे हाताने रिसीव्हर झाकल्यासारखं झालं. मग बाई आवाज उतरवून, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “अहो भाऊ, जागा कुठून आणू? सात खोल्या आहेत माझ्याकडे. सातही खोल्यांत तुम्हीच आहात.”

मी आभार मानले आणि फोन ठेवला. अशा वेळी काय बोलावं हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

“काय म्हणाल्या?” बायको.

“जागा नाही म्हणाल्या.”

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. ताईने चष्मा पुसला. “आठवं कारण. मागच्यापेक्षा बरं आहे, यात दुसऱ्याला गोवलंय.”

बायकोने पेन माझ्यासमोर ठेवलं, कोरी वही टेबलाच्या कडेला सरकवली आणि कप गोळा करायला लागली.

३

मी विचार करून बघितला. चुकीचा नंबर असू शकतो. बाई वयस्कर असतील, ऐकू कमी येत असेल. किंवा गवईने तिकडे आधीच फोन करून त्यांना फितवलं असेल. तो एकदा माझ्या घड्याळातला सेल काढून दोन दिवस गप्प बसला होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातून पुन्हा फोन लावला. बाजूला मशीन घरघरत होतं, त्यामुळे कानाशी रिसीव्हर दाबून धरावा लागला.

“मालकीणबाई, काल मी फोन केला होता.”

“केला होता. आत्ता जेवायला बसलाय तुम्ही. सगळेच.”

“सगळे म्हणजे कोण?”

“तुम्ही हो. सातजण. एका ओळीत बसता आणि सारखं विचारता, वाढायला किती मिनिटं लागतील. भाऊ, राग मानू नका, एकाने विचारलं तर माणूस सांगतो. सातजणांनी विचारल्यावर काय करावं?”

मी म्हटलं, वाद घालण्यात अर्थ नाही, परीक्षा घ्यावी. चौथ्या वर्षीच्या वहीत मी एक बारीकशी गोष्ट लिहिली होती. नुसत्या वेळा लिहिल्या की पान कोरडं वाटतं, म्हणून मी मधूनमधून थोडी भर घालतो. ‘तळ्याकाठी थांबलो. बायकोने पाण्यात पाय सोडले. डावी चप्पल वाहून गेली. खूप हसली.’ ही ओळ मी कोणालाही वाचून दाखवली नव्हती.

“चौथ्या खोलीतल्या... माझ्या बायकोबद्दल काही सांगता येईल का?”

“चार नंबरच्या वहिनी? गुणाची बाई. पण एकाच चपलेवर हिंडते. चार वर्षं झाली, मी माझ्या जुन्या चपला देऊ केल्या, घेत नाही. नुसती हसते.”

छापखान्यातलं मशीन थांबलं. कागद संपला असावा. त्या शांततेत मला रिसीव्हरमधून पलीकडची खोली ऐकू आली. भांडी, बाकं सरकल्याचा आवाज, लांबवर कोणीतरी डफावर नुसती बोटं वाजवत होतं. आणि खाकरणं. मी आधी एक छोटा खाकरा काढतो, मग थांबून एक मोठा. आमच्या फोरमनला तो इतका पाठ आहे की मी जिन्यात असतानाच तो सिगारेट विझवतो. पलीकडे आधी एक छोटा आला. मग थांबून, एक मोठा. मग दुसरीकडून छोटा.

मी स्वतःचा खाकरा गिळला.

“पहिल्या खोलीतला मी कसा दिसतो?” मी विचारलं. का विचारलं कोणास ठाऊक.

“बरे दिसता,” मालकीणबाई म्हणाल्या. “केस आहेत अजून.”

४

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “सात वर्षांत पहिल्यांदा कारणासाठी एवढी मेहनत घेतलीत.”

मी नंबर लावला आणि फोन टेबलावर, बटाट्यांशेजारी, मोठ्या आवाजावर ठेवला.

या वेळी कोणी “हॅलो” म्हणालंच नाही. कोणीतरी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला असावा, कारण गाणं सरळ आमच्या स्वयंपाकघरात आलं. नावाड्यांचं गाणं होतं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ओढायची, वल्हं मारल्यासारखी. ओळ टाकणारी बाई होती. मग तीच ओळ दुसऱ्या कोपऱ्यातून आली, त्याच गळ्यातून. मग तिसऱ्या.

बायकोची सुरी थांबली.

मध्येच गवईचा आवाज बेसूर होऊन वर चढला आणि सगळे हसले. त्या हसण्यात एक हसू असं होतं की श्वास संपेपर्यंत चालतं आणि शेवटी बारीक किंचाळतं.

“ही मी?” बायकोने विचारलं.

“हो.”

“मी अशी हसते?”

“हसायचीस.”

मी फोन बंद करायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. गाणं संपेपर्यंत धरून ठेवलं. मला वाटलं ती घाबरली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर ती घाबरलेली नव्हती. दुकानाच्या काचेआड आपली साडी दुसरीच कोणी नेसून उभी असावी, तशी ती त्या फोनकडे बघत होती.

“माझी चप्पल तुम्ही वाहून नेलीत?” ती म्हणाली.

“लिहिण्याच्या ओघात.”

“आणि मला गायला लावलंत?”

“दर वर्षी.”

“घरात एकदाही नाही लावलंत,” ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

५

मंगळवारी सातही वह्या टेबलावर मांडल्या. ताई आणि गवई आले. मी गवईला दरडावून विचारलं, तेव्हा तो शपथेवर म्हणाला की त्याने काही केलेलं नाही, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच खरं बोलणाऱ्याचा दिसला.

ताईने लाल पेन घेऊन वह्या वाचल्या. तिला तशीच सवय आहे. तासाभराने तिने पेन खाली ठेवलं.

“परतीचं पान कुठे आहे?”

“कसलं परतीचं?”

“निघालात, चहा प्यायलात, तळं बघितलंत, घाट चढलात, विश्रामगृहात पोचलात, गाणी ऐकलीत. सातही वेळा. परत कुठे आलात?”

मी सांगितलं की परतीचा रस्ता तोच, उलटा. त्यात काही नवीन नाही. वेळापत्रकातही परतीच्या गाड्या वेगळ्या पानावर असतात आणि ते पान तपासायला दुसऱ्याकडे जातं. म्हणून मी परतीचं कधी लिहिलंच नाही.

नळ थेंब थेंब गळत होता तो उठून बंद करावा असंही कोणाला वाटलं नाही.

“म्हणजे मी तिकडे सात वर्षं अडकलोय?” गवई म्हणाला. “सातजण? आणि गातोय?”

“त्या मेंढपाळांचा विचार कर,” ताई म्हणाली.

“ताई, माझा विचार करा! तिकडे कोणी ‘पुरे’ म्हणत नाही वाटतं. नाहीतर सात वर्षं टिकलो असतो का?” त्याच्या आवाजात भीती होती का अभिमान, सांगता येणार नाही.

मी वह्या बंद करून नीट एकावर एक रचल्या. म्हटलं, “हे बघा, मला वाटतं अशा परिस्थितीत यंदा न गेलेलंच बरं. जागाही नाही. पुढच्या वर्षी शांतपणे—”

“अहो,” बायको म्हणाली.

“काय?”

“चेहरा बघा तुमचा. सुटल्यासारखा.”

मी गालाला हात लावून बघितला. ती म्हणाली ते खरं होतं. माझ्या बायकोचा आवाज सात ठिकाणी माझ्यावाचून गात होता, आणि मला आत कुठेतरी यंदाही जावं लागणार नाही म्हणून हायसं वाटत होतं. माझी मलाच भीती वाटली ती तेव्हा.

ती उठून निघाली होती. मी म्हटलं, “थांब. मालकीणबाईंना खोल्याच रिकाम्या हव्यात ना? मी त्यांना परत आणतो.”

६

हे काम मी बुधवारी केलं. सात वह्या, सात पानं. प्रत्येक वहीत त्या त्या वर्षीची शाई वापरली. पहिल्या दोन वह्यांसाठी काळी शोधून काढली. आम्हाला शनिवारी सकाळी निघायचं होतं, म्हणून खोल्या शुक्रवारी मोकळ्या व्हायला हव्या होत्या. पुढची तारीख, पण काळ भूतच. आता त्यात माझा हात बसलेला आहे.

‘शुक्रवारी सकाळी आठला सगळे विश्रामगृहातून निघालो. मालकीणबाईंचा निरोप घेतला. वाटेत फारसं थांबलो नाही. संध्याकाळी साडेपाचला सुखरूप घरी पोहोचलो. कुलूप काढलं. हुश्श केलं.’

सातही ठिकाणी हाच मजकूर. लिहून झाल्यावर प्रत्येक पान दोनदा तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम, सगळं बिनचूक होतं. चौथ्या वहीत ‘सुखरूप’मधला ‘रू’ ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ केला.

आमच्या धंद्यात एक खोड लागते. प्रुफं तपासणारा माणूस अक्षरं वाचतो, मजकूर वाचत नाही. मजकुरात शिरला की चुका निसटतात. मी एकदा एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तीनदा तपासलं, एकही चूक नव्हती. फक्त नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव होतं. तेव्हा मालकांनी बोलवून विचारलं, “वाचता की नुसतं बघता?”

त्या दिवशीही मी नुसतं बघितलं.

गुरुवारी बायकोने बॅगा काढल्या. बॅगांवर धूळ होती. ती झटकताना ती काहीतरी गुणगुणली आणि मी तिकडे बघताच थांबली.

७

शुक्रवारी मी छापखान्यातून अर्धा दिवस रजा घेतली. दुपारी गवई गाडी घेऊन आला आणि त्याने ती मागच्या गल्लीत लावली. ताई आपली उशी घेऊन आली. दुसऱ्याच्या उशीवर तिला झोप लागत नाही. रात्री सगळ्यांनी इथेच झोपायचं आणि सकाळी सहा चाळीसला निघायचं असं ठरलं होतं.

पावणेपाचला फोन वाजला. मालकीणबाई होत्या.

“भाऊ, झाल्या हो खोल्या रिकाम्या. सकाळी आठच्या ठोक्याला निघालात. दिवसभर चादरी धूत होते, म्हणून फोन करायला उशीर झाला.” त्यांनी नाक ओढलं. “कितीही त्रास दिलात तरी सवय झाली होती हो. आता जिना इतका शांत आहे की मीच मुद्दाम चढून उतरून आले. एकामागे एक सात गाड्या, सगळ्या त्याच रंगाच्या. झाडांखालून जाताना पानं नुसती उडत होती. वहिनी कोणी बसायला तयार नव्हत्या गाडीत. हाताला धरून बसवलंत तुम्ही.”

“मी?”

“सातहीजणांनी. ‘उशीर होतोय’ म्हणत होतात.”

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. “आता कुठे असतील ते?” मी सहज विचारलं.

“कुठे म्हणजे? घरी येतायत की,” मालकीणबाई म्हणाल्या. “साडेपाचला पोचतो म्हणालात.”

मी फोन ठेवला. टेबलाशी तिघं बसले होते. मी वहीतली ओळ आठवली आणि पहिल्यांदाच ती वाचली.

“काय झालं? असे पांढरे का पडलात?” बायको म्हणाली.

“सगळे परत येतायत.”

“मग चांगलं झालं की.”

“घरी,” मी म्हटलं. “मी ‘घरी’ लिहिलंय. सातही वह्यांत. त्यांना दुसरं घर कुठे आहे?”

गवईने बोटांवर हिशोब केला. “अठ्ठावीस माणसं.”

“अठ्ठावीस कप नाहीत आपल्याकडे,” ताई म्हणाली. मग तिने उशी छातीशी धरली.

मी म्हटलं, आतून कडी लावू. दिवे बंद करू. कोणी आलं तर आवाज द्यायचा नाही. मनात असंही आलं की हे सगळं खोटं असेल, साडेपाच वाजतील, कोणी येणार नाही, आणि उद्या सकाळी आपण यावर हसू. मी दाराला कडी लावली. मग मला आठवलं की मी ‘कुलूप काढलं’ असं लिहिलंय, आणि मी लिहिलेलं खरं होतं. मी कडी पुन्हा काढली. कडी मोडून दार दुरुस्त करत बसायला नको.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायको उठली. तिने हातात बॅग घेतली. “आपण निघू या,” ती म्हणाली.

“आत्ता? ठरलंय उद्या सकाळी सहा—”

ती नुसती उभी राहिली. विचारत नव्हती ती. विचारून झालं होतं. मी हो म्हणतो की नाही एवढंच बघत होती, आणि मला दिसलं की नाही म्हटलं तरी ती जाणार. मग या घरात संध्याकाळी ज्या सातजणी येतील त्यांच्यात फक्त ही नसेल.

“चला,” मी म्हटलं.

८

आमच्याच घरातून आम्ही चोरांसारखे मागच्या दाराने निघालो. गवई पुढे, ताई उशीसकट त्याच्या मागे, मग बायको. मी सगळ्यांत शेवटी. मी स्वयंपाकघराचा दिवा विझवला, मागचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. उजेड उतरत आला होता.

तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. इंजिनं एकापाठोपाठ एक बंद झाली. मग दारं लागायला लागली. मी मोजायला सुरुवात केली आणि अकराला सोडून दिलं.

“या ना लवकर!” गल्लीतून गवई दबक्या आवाजात ओरडला.

मला जायला हवं होतं. पण मागच्या दाराला एक काच आहे, आणि पुढच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला, आणि मी काचेला नाक लावलं. घरात पावलं शिरली. पुष्कळ. कोणी बोलत नव्हतं. फरशीवर चपलांचा आवाज येत होता, आणि त्यात एक चाल अशी होती की एक पाऊल वाजत होतं आणि एक वाजत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून एक हात आत आला. आमच्या दिव्याचं बटण दाराच्या मागे, जरा खालच्या अंगाला आहे. नवखा माणूस भिंत चाचपडत बसतो. मेहुण्याला अजून सापडत नाही. तो हात न चाचपडता दारामागे गेला आणि दिवा लागला.

माणूस मला पाठमोरा दिसला. केस होते. दाट होते. तो टेबलापाशी गेला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि समाधानाने मान हलवली. मग त्याला टेबलाच्या कडेला आठवी वही दिसली, कोरी. घाईत मी ती तिथेच विसरलो होतो. तो खुर्ची ओढून बसला आणि खिशातून पेन काढलं.

मागून दुसरा आला, कमी केसांचा. त्याने याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मी पळालो.

९

शहर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं सुरू झाली आणि गाडीच्या दिव्यांत तांबडी पानं पटापट वर येऊन मागे जायला लागली. पुस्तिकेत लिहिलं होतं त्यापेक्षा ती जास्त तांबडी होती. मी हे सात वेळा लिहिलं होतं आणि एकदाही बरोबर लिहिलं नव्हतं.

“किती वाजता निघालो आपण?” ताईने विचारलं.

“बघितलं नाही,” मी म्हटलं.

ताईने मागे वळून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

गवईने एक सूर लावला. बायको म्हणाली, “थांब रे, असा नाही,” आणि तोच सूर तिने नीट लावून दाखवला. आधी अर्धीच ओळ. मग पुरी. आवाज जरासा गंजला होता, पण मी इतक्या जवळून तो कधी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, आता कोणी काही लिहू नये.

तेव्हा तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने बाहेर काढला. काचेवर उजेडात दोन अक्षरं होती: घर.

“उचलू नकोस,” मी म्हटलं.

तिने उचलला. पलीकडे कोणीतरी आधी एक छोटा खाकरा काढला, मग थांबून एक मोठा, आणि बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते.

“हो,” बायको म्हणाली. “हो, निघालो... नाही, अजून तळं नाही आलं... डबे फडताळात आहेत. वरच्या... हो.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. मग खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही, आणि तिने फोन बंद केला.

“कोण होतं?” मी विचारलं.

“तुम्ही.”

“काय म्हणालो?”

“विचारत होतात, किती वाजता पोचणार आणि किती वाजता परत येणार. वहीत लिहायला बसलायत.”

गाडी तळ्याच्या वळणाला लागली होती. गवईने वेग कमी केला.

“मग? तू काय सांगितलंस?”

बायको माझ्याकडे बघून हसली. श्वास संपेपर्यंत.

“म्हटलं, पोचलो असं लिहा,” ती म्हणाली. “परतीचं पान राहू द्या.”

आणि तिने पुढची ओळ उचलली.